कलावाटेचे मोजमाप : वर्धा, सेवाग्राम, पवनार

वाटाड्या सोबत न घेता, नकाशा आणि रस्त्यावरच्या खुणांच्या आधाराने शहरातील शिल्पे व भित्तिचित्रे पायी पाहत जाणे ही कल्पना आता आपल्याकडेही रुजते आहे. दिल्लीत लोधी कॉलनीच्या भिंती रंगल्या. मुंबईत 2017 मध्ये ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला. अशा कलावाटांचा विचार सहसा बोधचिन्ह, रंगसंगती आणि क्यूआर कोडचे फलक यांपासून सुरू होतो. वर्ध्यात मात्र हा क्रम उलटा करावा लागेल, असे माझे म्हणणे आहे.

पहिले कारण अंतराचे. बोस्टन शहरातील ‘फ्रीडम ट्रेल’ची कल्पना 1951 मध्ये एका पत्रकाराने मांडली. पदपथावरची लाल रेघ हीच तिची ओळख. रेघ धरून सुमारे चार किलोमीटर चालले की ऐतिहासिक स्थळे ओळीने भेटतात. वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर, तर पवनार नागपूर रस्त्यावर, वेगळ्याच दिशेला. विदर्भाच्या उन्हात ही सगळी एक वाट होऊ शकत नाही. शहर, सेवाग्राम आणि पवनार अशा तीन छोट्या वाटा आखणे हेच शहाणपणाचे.

दुसरे कारण चिन्हाचे. वर्धा म्हटले की चष्मा, चरखा, काठी ही त्रयी ठरलेली. पण गांधींचा चष्मा 2014 पासून स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हातून देशभर पोचला आहे. जे चिन्ह सगळीकडे आहे, ते या गावाबद्दल वेगळे काय सांगणार?

सेवाग्रामची खरी ओळख बापूकुटीच्या भिंतीवर आहे. गांधी 1936 मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनची झोपडी. तिच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठाव देऊन झाडे, मोर, चरखा आणि ॐ घडवले. भिंतीची माती आणि चित्राची माती एकच, उठावही बेताचा. त्यामुळे घाईतल्या पाहुण्याची नजर त्यावरून सहज घसरते. त्याच वर्षी फैजपूर काँग्रेसच्या नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक सामग्रीतून केली होती. या दोन्ही कामांमागे एकच भूमिका दिसते : कलेची सामग्री त्या जागेतली असावी आणि तिची भाषा गावकऱ्याला परकी वाटू नये.

सेवाग्राम विकास आराखड्यातून अलीकडे उभी राहिलेली गांधी-विनोबांची भंगार लोखंडाची शिल्पे या कसोटीवर पाहिली पाहिजेत. टाकाऊ यंत्रभागांतून आकृती जुळवण्यातले कौशल्य मला महत्त्वाचे वाटते. फेकलेले पुन्हा वापरण्याचा विचारही आश्रमाशी सुसंगत आहे. विसंगती आहे ती आकारात. भव्य शिल्प पाहणाऱ्याला कुठे उभे राहायचे आणि फोटो कुठून काढायचा ते सांगून टाकते. नकाशा तिथून सुरू केला, तर कुटीची भिंत उरल्यासुरल्या वेळेत पाहायची गोष्ट ठरते. आधी भिंत आणि मग लोखंड, असा क्रम ठेवला तर दोन्ही कामे एकमेकांशी बोलू लागतील.

वाट आखण्याचा उत्तम धडा जिल्ह्यात आधीच आहे. गोपुरीतील गीताई मंदिर 1980 मध्ये खुले झाले. त्याला छत नाही, मूर्ती नाही. उघड्यावर उभ्या शिळांवर विनोबांची ‘गीताई’ कोरलेली आहे. शिळांच्या मांडणीत चरखा आणि गाय हे आकार आहेत, पण ते कळतात आराखड्यात. चालणाऱ्यासमोर असते ती फक्त पुढची शिळा. चिन्ह आहे, पण ते पाहणाऱ्याच्या आणि मजकुराच्या मध्ये येत नाही. मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही इथे वाटाड्या लागत नाही.

पवनारला संयम आणखी हवा. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाच्या जागेत खोदताना भरत-राम भेटीचे शिल्प आणि इतर प्राचीन मूर्ती सापडल्या. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांचे प्रवरपूर असे मानले. पुढे त्यावर मतभेद झाले. हा वाद फलकावर दोन ओळींत सांगता येईल. पण 1959 पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे. ते साधक भगिनींचे घर आहे, संग्रहालय नव्हे. म्हणून फलक दाराबाहेरच असावा.

उरते ते वर्धा शहर, आणि सगळ्यात मोठा धोका त्यालाच आहे. पर्यटक ते ओलांडून थेट आश्रमात जातो. जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये दलितांसाठी खुले केलेले लक्ष्मीनारायण मंदिर आणि 1938 चे मगन संग्रहालय याच शहरात आहेत. पहिली वाट मंदिराच्या त्या दारापासून निघाली, तर वस्तीतला माणूसही तिचा धनी होईल.

तिन्ही वाटांवरच्या खुणा स्थानिक मातीच्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीच्या असाव्यात. पावसाळ्यानंतर दरवर्षी त्या लिंपाव्या लागतील. ते काम वस्तीतल्याच हातांना मजुरी देऊन करवून घ्यावे. बोधचिन्हाचा खर्च आधी या लिंपणाकडे वळवायला हवा. कारण मातीची खूण कुणीतरी जपत राहिले तरच टिकते, आणि ती टिकली तर वाट कुणाची, हे वेगळे सांगावे लागणार नाही.