व्हाया इंग्रजी

आमच्या मीरा रोडच्या घरात सध्या दोन परदेशी भाषा शिकल्या जातायत. सहावीतली भाची ॲनिमे बघून जपानीच्या मागे लागलीय आणि आई मालिका बघून कोरियनच्या. दोघींच्या हातात फोन, फोनमध्ये ड्युओलिंगोचं हिरवं घुबड. कुटुंबानं मिळून हसत-खेळत भाषा शिकायची ही कल्पना आता इतकी रुळलीय की या ॲपवर सहा जणांचा फॅमिली प्लॅनसुद्धा मिळतो.

मी या ॲपकडे पुस्तकाकडे बघावं तसं बघते. ते कुणासाठी लिहिलंय? वाचकाला आधीच काय येतं असं लेखकानं धरून चाललंय? पुस्तकाला हे विचारतो, तर ॲपला का नाही?

आधी चांगलं सांगते. लिपीचा सराव हे ॲप फार छान करून घेतं. हिरागाना-काताकानाची अक्षरं भाचीला महिन्याभरात ओळखता यायला लागली. रोज दहा मिनिटं मुलांना बसतं करायची त्याची हातोटी बघून कुठल्याही शिकवणीच्या बाईंना हेवा वाटेल. विचित्र वाक्यांबद्दल लोक त्याला हसतात, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनीही चमत्कारिक वाक्यं घोकलीच होती. फक्त ती पाठमाला मराठीतून सुरू व्हायची.

भाची जपानी शिकते ती इंग्रजीतून. मीरा रोडहून भाईंदरला जायचंय, पुढचंच स्टेशन, आणि तिकीट काढलंय व्हाया चर्चगेट.

‘मी पाणी पिते’ हे साधं वाक्य घ्या. जपानीत ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु’. आधी मी, मग पाणी, शेवटी पिणं. क्रम आपलाच. इंग्रजीतून येणाऱ्या मुलीला मात्र आधी ‘मी पिते पाणी’ असं मनात मांडावं लागतं आणि मग ते उलटं करावं लागतं. आपण नावाला ‘ला’, ‘चा’, ‘त’ मागून चिकटवतो, जपानीही तसंच करते. ‘तोक्यो नि’ म्हणजे टोकियोला, ‘तानाका-सान नो’ म्हणजे तानाकांचं. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी काय लावायचं? ‘का’. खरंच ‘का’! ‘नोमिमासु का?’ म्हणजे ‘पिता का?’ हे कळल्यावर भाची दिवसभर घरभर जपानी क्रियापदांना ‘का’ लावत फिरत होती. ‘मला सुशी आवडते’ या वाक्यात आवडणारी असते ती सुशी, मी नुसती बाजूला ‘मला’ म्हणून उभी. जपानीतही तसंच आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजवायला पुस्तकांना स्वतंत्र टीप द्यावी लागते. मराठी मुलीला ती टीप कशाला हवी?

आणि सगळ्यात मोठी गंमत लिपीची. जपानी अक्षरांचा तक्ता स्वरांनी सुरू होतो: आ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मोठ्यानं म्हणून बघा. ही आपलीच वर्णमाला आहे, थोडी गाळलेली. ‘सा’च्या जागी ‘च’ आणि ‘हा’च्या जागी ‘प’ ठेवलात तर क, च, त, न, प, म, य, र, व असा क्रम हाती येतो. जुन्या जपानीत ‘हा’च्या ओळीचा उच्चार ‘प’सारखाच होता. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम जपानीत रुजला. बाराखडी पाठ असलेल्या मुलीच्या हातात निम्मा तक्ता आधीच आहे. ॲप तिला तो दाखवतं रोमन अक्षरांच्या शेजारी बसवून.

‘त्सुनामी’तला ‘त्सु’ही असाच. इंग्रजीभाषकांची शब्दाच्या सुरुवातीला त्यावर जीभ अडखळते. आपण ‘चूल’ म्हणतो तेव्हा तो ‘च’ जवळपास तोच असतो. जर्मन ‘त्स्वाय’, म्हणजे दोन, त्यातही तोच. जर्मनमध्ये तो-ती-ते अशी तिन्ही लिंगं आहेत, आपल्यासारखीच. फक्त सूर्य तिथे स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. पण ‘पोरगं’ म्हणणाऱ्या आपण त्याला हसू नये. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून जर्मनला मागणी वाढणार अशी चर्चा आहे. ते जर्मन मराठीच्या अंगानं शिकवलं तर किती वेळ वाचेल, याची चर्चा मी अजून ऐकलेली नाही.

आईचं वेगळंच चाललंय. मालिकेत एक मुलगी खानावळीतल्या बाईला ‘इमो’ म्हणते आणि खाली इंग्रजीत ‘आंटी’ येतं. आई लगेच म्हणाली, ‘अगं, मावशी म्हणतेय ती.’ बरोबर ओळखलं तिनं. कोरियनमध्ये आईची बहीण ‘इमो’ आणि वडिलांची बहीण ‘गोमो’, म्हणजे मावशी आणि आत्या. शिवाय अनोळखी कष्टकरी बाईला आपण जसं ‘मावशी’ म्हणतो, तसंच कोरियन गिऱ्हाईक खानावळीत ‘इमो’ म्हणतं. इंग्रजीच्या ‘आंटी’त हे सगळं सपाट होतं. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून सपाटीकरण तिच्यापर्यंत पोचलंच नाही. भाचीपेक्षा ती कोरियन नात्यांत भराभर पुढे गेली. ॲपच्या गुणतक्त्यावर मात्र ती कायम तळाला.

माझा दुसरा आक्षेप त्या तक्त्यावरच आहे. साखळी तुटू देऊ नका, गुण मिळवा, वरच्या लीगमध्ये जा. मित्रांसोबत करायची काही कामं ॲपमध्ये आहेत, पण एरवी प्रत्येकाचा रस्ता वेगळा. फॅमिली प्लॅन म्हणजे एकाच सोफ्यावर कानात इअरफोन घालून बसलेली सहा माणसं. भाषा शिकतात बोलण्यासाठी आणि इथे घरातली तेवढी दहा मिनिटं सगळ्यात शांत असतात.

मी हे एवढं मनावर का घेतेय? कारण आम्ही मीरा रोडला राहतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्याच सुमारास इथे मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. मग व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा. मारहाणीचं समर्थन मी करणार नाही. मराठीचा आग्रह मात्र मलाही आहे. भाचीनं हे सगळं बातम्यांत बघितलं. शाळेत मराठी २०२० च्या कायद्यानं सक्तीची आहे. म्हणजे तिच्या लेखी मराठी हा मार्कांचा विषय आणि मोठ्यांच्या भांडणाचं कारण. खेळ म्हणून भाषा येते ती जपानी, आणि तीही इंग्रजीचा हात धरून. मराठीची एवढी तयारी अंगात असताना ती उपयोगाची आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. (ॲपवर ‘स्टार ट्रेक’मधली क्लिंगॉन शिकता येते. शिकायच्या भाषांत मराठी मला सापडली नाही. त्यात नवल नाही, कंपनी बाजार बघणारच.)

म्हणून आम्ही फोन बाजूला ठेवून जपान्यांचाच खेळ घेतला, ‘शिरितोरी’. म्हणजे शब्दांच्या भेंड्या. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द: साकुरा, राकुदा (उंट), दांगो, गोमा (तीळ), माची (गाव). नियम एकच, ‘न्’वर संपणारा शब्द म्हटला की बाद, कारण जपानीत ‘न्’नं शब्द सुरू होत नाही. ‘रामेन’ म्हणून भाची पहिल्याच डावात गेली. आईला जपानी येत नाही, म्हणून ती मराठी शब्द टाकते आणि आम्ही चालवून घेतो. चची भाषा जिला येते तिला अक्षरं उलटसुलट करायला कुणी शिकवावं लागत नाही. ‘मला’चं ‘चलाम’ करणारी मुलगी क्रियापदाला शेपूट लावायला कशी घाबरेल?

हे नुसतं आमच्या घरातलं खूळ नाही. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? बरीच मुलं म्हणाली जपानी, कारण त्यांना रोबोट बनवायचे होते. ना पुस्तक, ना शिक्षक. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप यांवर सुरुवात झाली, पुढे शहरातल्या एका जाणकारानं ऑनलाइन वर्ग घेतले. फोन सगळ्यांकडे नव्हते. म्हणून ज्यांना येत होतं ती मुलं ‘विषयमित्र’ झाली आणि बाकीच्यांना शिकवू लागली. २०२० मध्ये बातमी आली तेव्हा गावातली मुलं आपसात जपानीत बोलायचा सराव करत होती, मोठ्यानं, चारचौघांत.