शकुन, खूण आणि आपण वाचक

आपल्या जिल्ह्यात चिन्हांची टंचाई कधीच नव्हती. दुकानावरची पाटी कोणत्या लिपीत आहे, चौकात कोणत्या रंगाचा झेंडा लागला आहे, मैलाच्या दगडावर गावाचे नाव कसे लिहिले आहे, यावरून इथले शाळकरी पोरही अर्थ काढते. १७ जानेवारी आणि १ नोव्हेंबर या पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरवर नुसत्या तारखा असतील. आपल्याकडे त्या उच्चारल्या की पुढचे वाक्य बोलावे लागत नाही. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या एका फलकावरून लाठ्या चालल्या आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारदप्तरी बेळगावी झाले. फलक म्हणजे लाकूड नव्हे आणि नाव म्हणजे अक्षरे नव्हेत, हे आपल्याला कोणा समीक्षकाने शिकवावे लागले नाही.

यात चूक काही नाही. चिन्हाचे कामच असे असते. ते लांबून दिसले पाहिजे, त्याचा अर्थ एकच असला पाहिजे, आणि तो पाहणाऱ्याला क्षणात कळला पाहिजे. झेंड्याचे दोन अर्थ निघू लागले तर तो झेंडा निकामी. पण डोळ्यांना लागलेली ही सवय घेऊनच आपण कथा-कविता वाचायला बसतो आणि तिथे घोटाळा होतो. मी लिहायला बसलो आहे तो या घोटाळ्याविषयी. कारण त्याची सर्वांत मोठी किंमत आपल्याच मातीतल्या दोन मोठ्या लेखकांना मोजावी लागते आहे.

पहिले अर्थातच जी. ए. कुलकर्णी. जीए एकसंब्याचे, शिकले-वाढले बेळगावात, आणि धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात त्यांची सुमारे तीन दशके गेली. १९८७ मध्ये ते पुण्यात वारले. सभा-संमेलनांपासून ते आयुष्यभर दूर राहिले. आपल्या भागातल्या व्याख्यानांतून अलीकडे त्यांच्याविषयी एक विधान मी बऱ्याच वेळा ऐकले आहे. त्यांच्या कथांतून वाट चुकलेली, कुठेच न पोहोचणारी, घर नसलेली जी माणसे भेटतात, ती म्हणे सीमाभागातल्या मराठी माणसाचे प्रतीक होत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ना इकडचा ना तिकडचा करून ठेवलेला जो माणूस, तोच जीएंचा प्रवासी.

विधान टाळी घेणारे आहे आणि त्यामागचे प्रेम खरे आहे, म्हणून ते खोडायला जीभ रेटत नाही. पण एक साधा प्रश्न विचारून पाहावा. सीमाप्रश्न उद्या सकाळी आपल्या मनासारखा सुटला, तर 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी'चा प्रवास संपेल काय? तो घरी पोहोचेल काय? ज्याने ती दीर्घकथा एकदा तरी मनापासून वाचली आहे तो 'हो' म्हणणार नाही. नकाशावरची रेघ सरकवून मिटण्यासारखे ते दुःख नव्हे. या अन्वयार्थाने जीएंची उंची वाढत नाही, उलट ते आपल्या मोर्चातले एक नाव होऊन बसतात. (मोर्चाला नावे पुष्कळ आहेत, कथाकार फार थोडे.)

मग त्यांच्या कथांतले पक्षी, नाग, विदूषक, वाळवंटे, देवळे हे सगळे काय आहे? मला वाटते, उत्तराचा धागा जीएंनी आपल्या हातात पुस्तकांच्या नावांतूनच देऊन ठेवला आहे. 'काजळमाया' (१९७२) बाजूला ठेवू. 'सांजशकुन' आणि 'रमलखुणा' ही १९७५ ची, 'पिंगळावेळ' १९७७ चे. यांपैकी एकाही नावात प्रतीक नाही. शकुन आहे, खूण आहे, वेळ आहे. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या. पिंगळा म्हणजे एक लहानसे घुबड, आणि उजाडण्यापूर्वी कंदील घेऊन दारोदार फिरणारा, त्या पक्ष्याची बोली आपल्याला कळते असे सांगणारा भिक्षेकरीही. आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना तो ठाऊक आहे. कानडी घरात त्याचाच भाऊबंद बुडबुडके म्हणून येतो, आणि तो ज्या पाखराच्या हवाल्याने बोलतो ते हालक्की. दोन्ही भाषांत शकुनाला शब्द एकच आहे, शकुन.

आता शकुन आणि चिन्ह यांतला फरक पाहा. चिन्हाचा अर्थ आधी ठरलेला असतो, चिन्ह नंतर येते. शकुन आधी येतो. पाल चुकचुकते, मांजर आडवे जाते, भल्या पहाटे कुणीतरी दारात उभे राहून काहीतरी पुटपुटते. अंगावर काटा उभा राहतो, आणि अर्थ? तो पुढे कधीतरी कळतो, किंवा कळतच नाही. पण काटा खरा असतो. जीएंची कथा अशीच आपल्यावर चाल करून येते. तिच्यातला पक्षी कशाचे प्रतीक आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी त्या पक्ष्याने आपल्याला अस्वस्थ केलेले असते. गाईडवाला मात्र परीक्षेच्या सोयीसाठी क्रम उलटा करतो. 'पक्षी म्हणजे नियती' असे एका ओळीत लिहून तो मोकळा होतो. नियतीच सांगायची होती तर जीएंनी तो शब्द लिहिला असता. त्यांना तो माहीत होता.

'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा घेऊ. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस एका मठात येतो आणि आपल्या इच्छेविरुद्ध त्या मठाचा स्वामी होऊन बसतो. मान-मरातब सगळा, बाहेर पडायला मात्र वाट नाही. त्या बंद जागेत एक वेल उजेडाच्या दिशेने वाढत राहते, आणि त्या माणसाचे सारे जगणे हळूहळू त्या वेलीभोवती गोळा होते. या कथेवर पुण्या-मुंबईकडे बोलताना काफ्काचे नाव हमखास निघते. निघू दे, काफ्का काही परका नव्हे. पण मठ आपल्याला काफ्काकडून कळलेला नाही. बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात गावोगाव मठ आहेत. मठाला स्वामी लागतो, एक गेला की दुसरा बसवावा लागतो, गादी रिकामी राहून चालत नाही, आणि गादीवर बसलेल्याचे घर, नाव, पूर्वायुष्य मागे पडते, हे इथल्या वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. जीएंचा मठ म्हणजे अमुक एक मठ असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे हाही गाईडवाल्याचाच उद्योग होईल. माझे म्हणणे एवढेच की ज्याला मठ ठाऊक आहे, पाया पडणाऱ्यांची रांग ठाऊक आहे, प्रसादाच्या पंगती ठाऊक आहेत, त्याला या कथेतली भीती अधिक जवळून कळते. आदराने कोंडले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कल्पनेने उभे करावे लागत नाही.

आणि ती वेल? जीवनेच्छा, कला, परंपरा, मुक्ती, सगळी उत्तरे मी वाचली आहेत आणि त्यांतले एकही अगदीच खोटे नाही. पण यातले एखादे उत्तर पक्के केले की वेल सुकते. ती आधी वेलच राहिली पाहिजे. तिला पाणी लागते, उजेड लागतो, तिला फूट फुटते आणि ती फूट पाहून माणसाच्या घशाशी काहीतरी येते. हे झाले तरच पुढचे सगळे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून ध्वनिविचार मांडला, तेव्हा त्याने यासाठी दिव्याचा दाखला दिला होता. ज्याला उजेड हवा तो दिव्याची काळजी घेतो, तसे ज्याला सूचित अर्थ हवा त्याने शब्दाच्या सरळ अर्थाची काळजी घ्यावी, असा त्याचा आशय. आपण मात्र उजेडाच्या गप्पा मारत दिवाच लाथाडतो.

दुसऱ्या लेखक इंदिरा संत. मूळच्या निपाणीजवळच्या तवंदीच्या, आणि पुढचे सारे आयुष्य बेळगावात. १९४० मध्ये पती ना. मा. संत यांच्याबरोबर 'सहवास' हा संग्रह निघाला, आणि १९४६ मध्ये ना. मा. गेले. या दोन तारखांनी इंदिराबाईंच्या कवितेचे वाचन जणू कुलूपबंद करून टाकले. मेघ आला की तो गेलेला पती, झाड आले की तो पती, रिकामा झोपाळा आला की प्रश्नच मिटला. त्यांच्या कवितेत विरह नाही असे कोण म्हणेल? पण दर वेळी एकच किल्ली लावायची तर २००० पर्यंत जगलेल्या आणि अखेरपर्यंत शब्दांशी झोंबत राहिलेल्या या बाईने इतके संग्रह कशाला लिहिले? एकात भागले असते.

इथेही मला नावांकडे पाहावेसे वाटते. 'शेला', 'मेंदी', 'बाहुल्या', 'गर्भरेशीम'. ही बायकांच्या हाताखालची, पेटीतली, अंगावरची नावे. 'गर्भरेशीम' (१९८२, याला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) हा शब्द ज्याने केवळ कवितेत वाचला त्याला तो नाजूक, स्वप्नाळू वाटतो. शहापूर-वडगावच्या ज्या घरांनी माग पाहिले आहेत, ज्या आजी लुगड्याच्या दुकानात काठ बाजूला सारून अंगाचे सूत दोन बोटांत चोळून पाहत, त्यांच्या लेखी गर्भरेशमी हा व्यवहारातला शब्द आहे. त्यात स्पर्श आहे, किंमत आहे, आणि वर्षानुवर्षे जपून, घडी मोडायची राहून गेलेल्या वस्त्राची हळहळही आहे. विरह त्यात आहेच, पण तो वरून चिकटवलेला नाही, विणीत आहे. म्हणून म्हणतो, कवितेखालच्या टीपेपेक्षा पेटीतले लुगडे अधिक सांगते.

आता खरी अडचण. ते लुगडे पेटीत उरले आहे काय, आणि नातीला त्याचे नाव ठाऊक आहे काय? आपली मुले कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात हळहळण्यासारखे सगळेच आहे असे मला वाटत नाही. जीएंच्या घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि वर्गात इंग्रजी होते, आणि कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. पण मुलाच्या मराठीतून वस्तूंची नावे गळून पडली आणि फक्त कल्पनांची नावे उरली, म्हणजे 'नियती', 'एकाकीपणा', 'विरह' कळते पण 'पिंगळा' कळत नाही, 'कोनाडा' कळत नाही, अशी वेळ आली, तर त्याच्या हाती फक्त गाईडातला अर्थ राहतो. कथा वाचून त्याला काटा येणार नाही. ही हानी मला पाटीवरच्या अक्षरांइतकीच मोठी वाटते, आणि तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

निपाणीच्या महादेव मोरे यांचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण ते या चर्चेत कधीच घेतले जात नाहीत. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजवाले यांच्या गोष्टी लिहिल्या. प्रतीकांची भाषा बोलणाऱ्यांना त्यांच्यात 'खोल' काही सापडत नाही म्हणून ते पुढे जातात. मला उलट वाटते. वस्तूची नावे इतक्या नेकीने टिकवणारा लेखक आपल्या भागात दुसरा नाही, आणि नाव टिकले तरच उद्या कोणी त्यातून शकुन ऐकेल.

दुभाषी घराला एक लाभ मात्र आहे, तो आपण वापरत नाही. मराठीत 'संकेत' म्हणजे ठरवून ठेवलेली गोष्ट, चातक-चकोराचे कविसंकेत म्हणतो तसा. कानडी समीक्षेत 'संकेत' हाच शब्द प्रतीकासाठी चालतो. शब्द एक, पण एका भाषेत तो बांधलेला आणि दुसरीत मोकळा. ज्याला दोन्ही येतात त्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, काव्याची कानडी, आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंती' या संग्रहासाठी मिळाले. नाकु तंती म्हणजे चार तारा. मी, तू, तो, आणि चौथा कोण यावर कानडी विद्वानांत अजून खल चालतो. कुणी म्हणते कल्पनेतला पुरुष, कुणी म्हणते आत्मा. आपल्या मुलांना हा वाद सांगण्याआधी घरात किंवा शेजारी कुठे तंबोरा असेल तर त्याच्याजवळ बसवावे. चार तारा त्यालाही असतात. पंचमाची एक, जोडाच्या दोन, आणि चौथी खर्जाची. पहिल्या तिन्ही पोलादी, चौथी पितळेची. ती छेडली की आवाज कानाआधी मांडीला लागतो.