प्रसार आणि प्रतीती : टिळकांच्या अभंगांची कसोटी

धर्मप्रसारार्थ लिहिलेल्या वाङ्मयाकडे मराठी समीक्षेने बहुधा संशयाने पाहिले आहे. आणि हा संशय सर्वस्वी अनाठायी नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांच्या दुःखाची जाण आहे, परंतु निष्कर्ष आधीच ठरलेला असल्यामुळे पात्रे पुष्कळदा त्याची भारवाहक होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे प्रकरण निराळे आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग व कीर्तन ही साधने केवळ श्रोत्यांच्या सोयीसाठी उचलली असती, तर ती एक चतुर युक्ती ठरली असती. (ओवी फादर स्टीफन्सनेही १६१६च्या 'ख्रिस्तपुराणा'त योजिली होती, पण तेथे निरूपण करणाऱ्या गुरूचा अधिकार अबाधित राहतो.) टिळकांच्या ठिकाणी रूपानेच आशयाला वळण दिले. उपदेशपर रचना वगळल्या, तर अभंगातला 'मी' हा याचक असतो. दुसऱ्याचे मत जिंकणे हा त्याचा धंदा नव्हे. अशा 'मी'ची सवय जडलेल्यास मिशनची चौकट जाचू लागावी, यात नवल ते काय? १९१७ साली ते मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. १९१९मध्ये ते निवर्तले. तेव्हा प्रसाराचे यश धर्मांतरितांच्या संख्येने मोजणारे, मग ते प्रचारक असोत की त्यांचे विरोधक, या कवितेपाशी अडखळतात. 'ख्रिस्तायन' मात्र अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यांच्या हाती उपदेश कितपत ओसरला, हे स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहे.