परक्या युद्धातील ‘आपला माणूस’

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव सोलापुरात सर्वपरिचित आहे. पण हा परिचय एका ठरीव कथनातून झालेला आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावी जन्मलेला, मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेला एक तरुण १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, जखमी सैनिकांची शुश्रूषा करतो, तिथल्याच एका परिचारिकेशी विवाह करतो आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच मरण पावतो. भैया चौकातील स्मारकापासून जयंतीच्या भाषणांपर्यंत ही कथा ज्या शब्दांत सांगितली जाते ते शब्दही ठरलेले आहेत : सेवा, त्याग, कर्तव्य, मैत्री. यांतला एकही शब्द खोटा नाही. मात्र ज्या युद्धात हा डॉक्टर उतरला ते युद्ध कोणाचे, कोणाविरुद्ध आणि कोणत्या राजकीय हेतूने चालले होते, याचे उत्तर या शब्दांतून मिळत नाही. युद्ध येथे पार्श्वभूमीचा पडदा होते आणि त्यापुढे उभा असलेला आपला माणूस तेवढा उजळून निघतो.

परक्या देशाचे स्वातंत्र्ययुद्ध मराठी कथनात कोणत्या अटींवर प्रवेश करते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने आजवर फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. तुलनात्मक अभ्यासात प्रभाव मोजले जातात, देशीवादाच्या चर्चेत मुळे शोधली जातात. परंतु दुसऱ्याचा लढा ‘आपल्या’ भाषेत आणताना कथनरूपे त्या लढ्याचे काय करतात, हे पाहिले जात नाही. कोटणीसांची कथा आणि व्हिएतनामचे मराठीतील स्थान ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की हा प्रश्न टाळता येत नाही.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील इंग्रजी पुस्तकाचे शीर्षकच बोलके आहे : ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. पाचजण गेले, एक परतला नाही. हे वाक्य उच्चारणारा निवेदक चीनमध्ये नाही. तो मुंबईच्या धक्क्यावर उभा राहून वाट पाहतो आहे. याच पुस्तकावर आधारलेल्या, व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाने हा दृष्टिकोन अधिक पक्का केला. शांताराम स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री या मराठी अभिनेत्री चिनी परिचारिका चिंग लान झाल्या. अंतिम प्रसंगात मरणासन्न डॉक्टर, आपली पत्नी आपल्या घरी जाईल तेव्हा तिला काय काय दिसेल, याचे वर्णन करतो. चीनमध्ये घडलेली गोष्ट अशा रीतीने सोलापूरच्या उंबरठ्यावर येऊन पूर्ण होते. वास्तवातील गुओ छिंगलान पुढे भारतात येऊन गेल्या, पण त्यांचे आयुष्य चीनमध्येच गेले आणि २०१२ मध्ये त्या तिथेच वारल्या. कथेला मात्र सून घरी आणल्याशिवाय विराम सापडत नाही. हा संकेत कौटुंबिक कथेचा आहे आणि त्याची भावनिक ताकद नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्याने काय बाहेर ठेवले, हा आहे.

बाहेर राहिलेली मुख्य गोष्ट म्हणजे कोटणीसांनी केलेली राजकीय निवड. हे पथक १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोचले, ते चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य केंद्रात. नंतर कोटणीस उत्तर चीनमधील ज्या मुक्त टापूत गेले तिथे आठव्या मार्ग सेनेची सत्ता होती, आणि जपानी आक्रमणाला कम्युनिझमविरोधाचे वैचारिक आवरणही होते. १९३६ मध्ये जपानने जर्मनीशी केलेला करारच ‘कॉमिन्टर्नविरोधी’ या नावाने ओळखला जातो. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे कोटणीसांकडे १९४१ मध्ये आली. १९४२ च्या जुलैत, मृत्यूपूर्वी पाच महिने, ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. म्हणजे शुश्रूषा करण्यासाठी गेलेला माणूस पाहुण्याची भूमिका सोडून त्या लढ्याचा घटक झाला. चरित्राच्या दृष्टीने पाहता यापेक्षा मोठे स्थित्यंतर दुसरे नाही. पण ‘अमर कहाणी’च्या रचनेत त्याला जागा करणे कठीण, कारण या रचनेत नायक बदलत नाही, तो आरंभापासूनच त्यागी असतो आणि त्याचा त्याग फक्त अधिकाधिक सिद्ध होत जातो. १९६२ च्या युद्धानंतरही ही कथा टिकली आणि दोन्ही सरकारांना ती सोयीची वाटत राहिली, याचे एक कारण तिच्या या राजकीय मोकळेपणात शोधता येईल. जी कथा कोणाचीही बाजू घेत नाही ती कोणत्याही समारंभाला चालते.

व्हिएतनामकडे वळले की या रचनेची दुसरी बाजू दिसते. तिथल्या लढ्यात मराठीला कोणी कोटणीस मिळाला नाही. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली; फ्रेंचांशी युद्ध होऊन ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले; जिनिव्हा करारानंतरच्या देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले; मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या कम्युनिझम रोखण्यासाठी म्हणून दा नांगला उतरल्या आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव मुक्त झाले. तीस वर्षांच्या या घटनाक्रमात भावनिक नाळ जोडता येईल असे मराठी पात्र नाही. तेव्हा लोककल्पनेने ते निर्माण केले. व्हिएतनामने अमेरिकेला हरविले ते शिवछत्रपतींच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून. त्यांचा कोणी मंत्री भारतात आला तेव्हा त्याने प्रथम रायगडावरील समाधीची चौकशी केली. तिथली माती त्याने मायदेशी नेली : ही आख्यायिका महाराष्ट्रात भाषणांतून, पत्रकांतून आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांतून फिरत असते. तिला विश्वसनीय आधार मिळत नाही. जनरल व्हो न्युएन ज्याप यांच्या लेखनात येतात ते मंगोलांना परतविणारा त्रान हुंग दाओ आणि मिंग सत्तेविरुद्ध उठलेला ले लोइ; म्हणजे त्यांची स्वतःची परंपरा, आणि तिच्या जोडीला चिनी क्रांतीचा अनुभव.

या आख्यायिकेची केवळ चेष्टा करून भागणार नाही. ऐतिहासिक सत्य म्हणून ती बाद होते, पण संहिता म्हणून ती फार काही सांगते. दूरच्या एका शेतकरी देशाने जगातील सर्वांत बलाढ्य लष्कर थकविले, याचा आनंद मराठी माणसाला खरोखर झाला होता; तो व्यक्त करण्यासाठी त्याच्यापाशी उपलब्ध असलेले रूप एकच होते. चीनच्या कथेत कोटणीस जे कार्य करतात तेच व्हिएतनामच्या कथेत शिवाजीमहाराजांकडे सोपविले गेले. दोन्हीकडे दुसऱ्याच्या पराक्रमाचे श्रेय आपल्या माणसामार्फत घरी येते. फरक इतकाच की कोटणीस खरोखर गेले होते.

आणि तरीही, व्हिएतनाममध्ये ‘आपली माणसे’ होती. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर जनरल ग्रेसी यांच्या हाताखाली विसावी हिंदी डिव्हिजन सायगावात उतरली. जपान्यांना निःशस्त्र करणे हे तिचे घोषित काम. प्रत्यक्षात २१ सप्टेंबरला ग्रेसी यांनी मार्शल लॉ पुकारला, सभा-मिरवणुकांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली. दोनच दिवसांनी फ्रेंचांनी सत्ताकेंद्रे ताब्यात घेतली आणि पुढील काही महिने हिंदी शिपाई, पुन्हा हाती शस्त्रे दिलेल्या जपानी तुकड्यांसह, व्हिएत मिन्हशी लढले. त्याच शरदात जावातील सुराबायात इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर ज्या पलटणी उभ्या होत्या त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. हिंदी सैन्याच्या या वापराचा काँग्रेसने आणि नेहरूंनी उघड निषेध केला होता.

‘मार्शल लॉ’ या शब्दापाशी सोलापूरच्या वाचकाने थोडे थांबावे. मे १९३० मध्ये, गांधींच्या अटकेनंतर झालेल्या उठावात काही दिवस या शहरातून इंग्रजी अंमल उठला होता. मग लष्कर आले, गांधी टोपी घालणे हादेखील अपराध ठरला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. सोलापूरच्या बोलीत ‘मार्शल लॉ’ हा कायद्याच्या पुस्तकातला शब्द उरलेला नाही. त्याला माणसांची नावे आहेत. तोच शब्द पंधरा वर्षांनी सायगावच्या भिंतींवर लागला तेव्हा त्याची अंमलबजावणी करणारा शिपाई हिंदी होता. कोटणीसांवरील चित्रपट पडद्यावर आला ते वर्ष १९४६. सायगाव आणि सुराबाया येथील मोहिमांचे शेवटचे महिने त्याच वर्षात पडतात. एकाच काळात एक हिंदी डॉक्टर परक्या लढ्यासाठी मेला म्हणून अमर होत होता आणि हिंदी शिपाई परका लढा मोडण्यासाठी मरत होते. पहिल्याची कहाणी झाली. दुसऱ्याच्या वाट्याला ना पोवाडा आला ना विलापिका, कारण ‘आपला माणूस’ हे रूप त्याला सामावूच शकत नाही. तो पोटासाठी गेला होता, हुकमाने लढला होता आणि चुकीच्या बाजूला होता. त्याची गोष्ट सांगायची तर निवेदकाला धक्क्यावर उभे राहून चालणार नाही. ज्याच्यावर गोळी झाडली गेली त्याच्या बाजूलाही त्याला जावे लागेल.

अशी जागा बदलण्याची क्षमता मराठीत नव्हती असे मात्र नाही. अण्णाभाऊ साठे यांचा स्तालिनग्राडचा पोवाडा १९४३ चा. नानकिंगवरही त्यांनी पोवाडा रचला. त्यांत नायकपदासाठी कोणी मराठी पात्र पाठवावे लागले नाही. यामागे साम्यवादी निष्ठा होतीच. पण केवळ निष्ठेने रचना उभी राहत नाही. अज्ञानदासाच्या अफजलखानवधापासून पोवाड्यापाशी परचक्राचा, झुंजणाऱ्या समूहाचा आणि शत्रूच्या दिमाखाचा जो पट तयार होता, त्यात व्होल्गेकाठचे शहर न अडखळता बसले. येथे आपली रीत परक्याला देऊ केली आहे. परक्याच्या विजयावर आपला हक्क सांगितलेला नाही. शिवछत्रपतींच्या आख्यायिकेहून हा व्यवहार नेमका उलटा आहे. लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊंबरोबर उभे राहणारे अमर शेख बार्शीचे, म्हणजे याच जिल्ह्यातले, ही गोष्ट सोलापूरच्या सांस्कृतिक इतिहासात कोटणीसांच्या शेजारी लिहिली गेली पाहिजे.

पण व्हिएतनामचे युद्ध शिगेला पोचले तेव्हा हे कलापथक पूर्वीचे राहिलेले नव्हते. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख गेले आणि २ सप्टेंबरला हो चि मिन्ह. ४६ दिवसांतील हे तीन मृत्यू म्हणजे निव्वळ योगायोग. तरी परक्या लढ्याला मराठी पट देऊ शकणारे आवाज आणि त्या लढ्याचा चेहरा एकाच पावसाळ्यात नाहीसे व्हावेत, ही नोंद केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर व्हिएतनाम मराठीत येते ते नाव म्हणून. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात कंबोडिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि अमेरिकेतील काळे लोक यांच्या पंक्तीत ते बसते. ही यादी आहे, कथन नाही. तिच्यात एकाही व्हिएतनामी माणसाला चेहरा नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु यादीचे व्याकरण ‘अमर कहाणी’च्या व्याकरणाहून वेगळे आहे. तिथे आपला माणूस परक्यांत जात होता. येथे ‘दलित’ हा शब्दच इतका रुंद केला जातो की परका माणूस त्यात आधीपासूनच असतो. मराठी मातीतून आलेल्या एका शब्दाने मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत जावे, हे धाडस लहान नव्हे. जाहीरनाम्यावरून नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात जो वाद पेटला तो मार्क्स की आंबेडकर, असाच वाचला गेला आहे. त्याच्या मुळाशी हा शब्द किती ताणावा, ताणल्याने तो फाटतो की सैल होतो, हा प्रश्नही होता आणि त्या बाजूने तो वाद अद्याप वाचायचा राहिला आहे.

ढसाळांच्या १९७५ मधील संग्रहाचे नाव ‘मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले’. मूळ दृष्टान्त चिनी. माओंनी १९४५ मध्ये येनानच्या भाषणात तो सांगितला आणि पुढे चीनमध्ये जे तीन छोटे लेख घरोघर वाचले गेले त्यांत त्याचा समावेश झाला. त्या तिघांतील दुसरा लेख बेथ्यून यांच्या स्मरणार्थ लिहिलेला आहे. त्याच बेथ्यूनच्या नावाच्या रुग्णालयात सोलापूरचा डॉक्टर अखेरपर्यंत काम करीत होता. कोटणीसांचा चीन मराठी कवितेत आला तो कोटणीसांवाचून, कामाठीपुऱ्याच्या वाटेने.