ध्येयवाक्य वाचायचं कसं? खान्देशातल्या विधी महाविद्यालयांच्या निमित्ताने

एखाद्या शिक्षणसंस्थेचा इतिहास हा विषय घेतलात, की हातात पहिल्यांदा पडतो तो गौरवग्रंथ किंवा माहितीपुस्तिका. स्थापना, देणगीदार, इमारत, निकाल आणि एक ध्येयवाक्य. विधी महाविद्यालय असेल तर त्यात ग्रामीण, आदिवासी आणि न्याय हे शब्द बहुधा असतातच. आपण ते उतरवून घेतो आणि पहिलं प्रकरण झालं म्हणतो. मीही आधी तेच केलं होतं. पण ध्येयवाक्य हा पुरावा नसतो, तो दावा असतो. दावा तपासावा लागतो.

आता जळगाव-धुळ्याचंच बघा. जळगावात खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचं एस. एस. मणियार विधी महाविद्यालय आहे. धुळ्यातलं विधी महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. तेव्हा ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. ते कॉलेज १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. खान्देशातल्या मुलाला कायदा शिकायचा तर घर सोडणं आलंच. पुढे कॉलेजं इथे आली, १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठही झालं. शिक्षण जवळ आलं, हे खरंच मोठं काम आहे. पण गौरवग्रंथ नेमका इथेच थांबतो.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. साक्री किंवा अमळनेरचा शेतकरी वकिलाला अहिराणीत सांगतो, "त्यानी मना बांध कोरी लिधा." दाव्यात ते मराठीत 'अतिक्रमण' होतं, कारण १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली. आधाराला लागणारे निवाडे मात्र इंग्रजीत, कारण घटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज मुळात इंग्रजीत चालतं. शिरपूरच्या पाड्यावरून २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्याची बोली आणखी वेगळी. अशा तीन-तीन भाषांतून पक्षकाराचं म्हणणं न सांडता पलीकडे नेणं, हे माझ्या मते इथल्या विधी महाविद्यालयाचं खरं काम. सगळं मराठीत शिकवा म्हटलं की प्रश्न सुटला, असंही नाही. इंग्रजी निवाडा वाचता न येणारा वकील शेवटी पक्षकाराचंच नुकसान करतो.

म्हणून संशोधनाचा प्रश्न 'संस्थेचे योगदान' एवढा ढोबळ ठेवू नका. असं विचारा: प्रवेश कोणी घेतला, पेपर कोणत्या भाषेत लिहिला, सनद घेऊन कोण कुठल्या कोर्टात उभं राहिलं, मुली किती टिकल्या? प्रवेश नोंदवही, वकील संघाची सदस्य यादी, विधी साहाय्य केंद्राची वही, अभिरूप न्यायालयाचे विषय, हे सगळं कागदावर मिळू शकतं. रीतसर अर्ज करा, नावं गुप्त ठेवा. आणि दहा-बारा माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्या, शक्यतो त्यांच्याच बोलीत.

एवढं करून ध्येयवाक्य खरं ठरलं, तर आनंदाने तसं लिहा. नाही ठरलं, तर कुठे अडलं ते लिहा. संस्थेला गौरवग्रंथापेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल. सुरुवात म्हणून एक दिवस तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात बसा, आणि कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतंय तेवढं टिपून आणा.