ख्रिस्तपुराणातील पाप व उद्धार
ख्रिस्तपुराणातील पाप व उद्धार : मानवाचे पापित्व आणि ईश्वराने केलेला त्याचा उद्धार ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती कल्पना. मराठीत तिची पहिली विस्तृत काव्यमय मांडणी फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) ह्या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाच्या ख्रिस्तपुराण ह्या ओवीबद्ध ग्रंथात आढळते. ग्रंथाची पहिली आवृत्ती गोव्यातील राशोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापली गेली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या; परंतु त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूर येथून १९०७ मध्ये रोमन लिपीतील, तर शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रस्तुत नोंदीत ह्या ग्रंथाचा भाषिक वा चरित्रात्मक परामर्श थोडक्यात घेऊन त्यातील पाप-उद्धारविचाराचे काव्य म्हणून व विचार म्हणून मूल्यमापन केले आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : बायबलच्या ‘उत्पत्ती’ ह्या पुस्तकातील आदाम व हव्वा यांच्या आज्ञाभंगाची कथा ही ख्रिस्ती पापविचाराची मूळ कथा होय. तथापि ‘मूळ पाप’ हा सिद्धांत त्या कथेत तयार स्वरूपात नाही. संत पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम व ख्रिस्त ही जोडी समोरासमोर ठेवली : एकाच्या अवज्ञेने सर्वांवर मृत्यू आला आणि एकाच्या आज्ञापालनाने सर्वांना जीवन लाभले, असा त्याचा आशय आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने पेलेजिअसशी झालेल्या वादात ह्या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. मनुष्य स्वप्रयत्नाने निष्पाप राहू शकतो हे पेलेजिअसच्या अनुयायांचे मत कार्थेजच्या धर्मपरिषदेने ४१८ मध्ये त्याज्य ठरविले. अकराव्या शतकाच्या अखेरीस संत अँसेल्मने ‘ईश्वर मनुष्य का झाला?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऋणाच्या परिभाषेत दिले. ईश्वराच्या अवमानाची भरपाई करणे हे मनुष्याचे कर्तव्य, पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराजवळ. म्हणून ती करणारा ईश्वरही असावा लागतो व मनुष्यही, असा त्याचा युक्तिवाद आहे.

सोळाव्या शतकात ल्यूथरने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये मूळ पापाविषयी व १५४७ मध्ये नीतिमत्त्वप्राप्तीविषयी निर्णय दिले. मूळ पाप वंशपरंपरेने येते, बाप्तिस्म्याने ते धुतले जाते, मात्र पापाकडील ओढ उरते आणि ईश्वरी कृपेला मनुष्याच्या इच्छेने साथ द्यावी लागते, असा ह्या निर्णयांचा सारांश आहे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले स्टीफन्स ह्याच ट्रेंटोत्तर धर्मशिक्षणात घडलेले होते. त्यांच्या ग्रंथातील सिद्धांत त्यामुळे नवा नाही. नवी आहे ती त्याची भाषा आणि त्याचा श्रोता.

रचना आणि तिचे प्रयोजन : ख्रिस्तपुराणाचे दोन भाग असून त्यांत सु. अकरा हजार ओव्या आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ व ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे (अध्यायांचे) आहे. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम-हव्वा यांचा आज्ञाभंग, जलप्रलय आणि इझ्राएलचा इतिहास येतो. दुसऱ्यात येशूचे जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र. मूळ पोर्तुगीज शीर्षकात ग्रंथाचे वर्णन तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन असे केलेले आहे. ह्या शीर्षकावरून रचनेचे मर्म स्पष्ट होते. पहिले पुराण म्हणजे निव्वळ जुन्या कराराचा सारांश नव्हे, तर तारणाऱ्याला का यावे लागले ह्या प्रश्नाचे प्रदीर्घ उत्तर होय. पहिल्यात रोगाचे निदान आणि दुसऱ्यात उपचार, अशी ही योजना आहे. त्यामुळे पहिल्या पुराणातील प्रत्येक आख्यानाला दुहेरी काम करावे लागते : स्वतःची कथा सांगायची आणि पुढील आगमनाची अपेक्षा जागती ठेवायची.

ग्रंथ ‘पुराण’ म्हणून का रचला गेला याचे उत्तर आरंभीच्या एका प्रसंगात मिळते. एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्री-गुरूला विनवितो, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत. तर त्यांच्या जागी तशीच एखादी रचना आम्हाला का देत नाही? ह्या विनंतीमागील वास्तव कठोर होते. साष्टी प्रांतातील देवळे १५६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त करण्यात आली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनची धर्मसत्ता होती. कुंकळ्ळी येथे १५८३ मध्ये ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले व त्यानंतर पोर्तुगीजांनी कठोर सूड घेतला. त्या जेझुइटांचे मृतदेह मिळविण्याच्या कामी स्वतः स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला होता. पोथ्या हिरावल्या गेलेल्या समाजाने पोथी मागावी आणि हिरावणाऱ्या व्यवस्थेतीलच एका गुरूने ती त्या समाजाच्या भाषेत लिहून द्यावी, हा ह्या काव्याच्या जन्माचा पेच होय. पाप व उद्धार यांविषयीचे त्याचे बोलणे ह्या पेचापासून अलग काढून वाचता येत नाही.

शब्दांची निवड : स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवी स्वीकारली. मराठीच्या थोरवीचे त्यांनी केलेले वर्णन सुप्रसिद्ध आहे. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी साजिरी, असा त्याचा भाव आहे. श्रोत्यांच्या सोयीसाठी स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील शब्द मिसळल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. पाप, मोक्ष, मुक्ती, वैकुंठ, परमेश्वर हे शब्द त्यांनी निःसंकोचपणे वापरले. याउलट पवित्र आत्म्यासारख्या काही संकल्पनांसाठी रोमन लिपीतील संहितेत लॅटिन-पोर्तुगीज संज्ञा तशाच राहिल्या. जस्टिन ॲबट यांनी लक्ष वेधलेल्या, लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात मात्र अशा संज्ञांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आढळतात. कोणता शब्द उसना ठेवावा व कोणता आपला करावा, हा प्रश्न त्या काळीही मिटलेला नव्हता, असे ह्या पाठभेदांवरून दिसते.

ह्या निवडीचा परिणाम दुहेरी आहे. ‘मोक्ष’ म्हटले, की मराठी श्रोत्याच्या मनात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ उभा राहतो. स्टीफन्स यांना अभिप्रेत आहे ती पापाच्या दास्यातून सुटका व ईश्वराशी पुनर्मीलन. ‘पाप’ म्हटले, की स्वतःच्या कर्माचे फळ हा अर्थ येतो. स्टीफन्स यांना मात्र ज्याने ते केले नाही त्याच्याही माथी असलेले पाप सांगायचे आहे. शब्द ओळखीचा असल्याने दार उघडते, पण आत येणारा पाहुणा अनोळखी असतो. कवीचे यश मोजायचे ते ह्या पाहुण्याची ओळख त्याने कितपत करून दिली यावरून.

कर्म, अवतार आणि मूळ पाप : ह्या बाबतीत ग्रंथाची खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली कसोटी वंशागत पापाची. कर्मसिद्धांताच्या दृष्टीने एकाचे पाप दुसऱ्याने भोगणे हा अन्याय होय. पुराणकथांत शापाचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालल्याची उदाहरणे आहेत; परंतु शाप ही बाहेरून येणारी आपत्ती असते, अंतःकरणातील बिघाड नव्हे. ख्रिस्ती सिद्धांतात आदामाचे पाप हे केवळ दंडरूपाने नव्हे, तर स्वभावातील विकृतीरूपाने उतरते. हा सूक्ष्म भेद युक्तिवादाने पटविणे अवघड आहे आणि पहिल्या पुराणात जेथे उपदेशकाचा स्वर वरचढ ठरतो, तेथे तो पटतही नाही. कथेच्या ओघात मात्र तो आपोआप उमटतो. आज्ञाभंगानंतर लगेच भाऊ भावाचा वध करतो, पुढे सगळी पृथ्वी प्रलयात बुडते आणि प्रलयानंतरही मनुष्य गर्वाने बुरूज उभारतो. आख्यानांच्या ह्या क्रमानेच पाप ही एकट्यादुकट्याची चूक नसून मानवजातीला जडलेली व्याधी आहे, ही जाणीव श्रोत्याच्या मनात रुजते. सिद्धांताने जे साधत नाही ते पुराणाच्या संथ, साखळीबद्ध कथनाने साधते.

दुसरी कसोटी अवताराची. भगवद्गीतेतील अवतार साधूंच्या रक्षणासाठी व दुष्टांच्या विनाशासाठी युगायुगांत प्रकटतो. तेथे दुष्टता असुराच्या रूपाने समोर उभी असते व तिचा वध शक्य असतो. ख्रिस्तपुराणातील ईश्वर एकदाच मनुष्यदेह धारण करतो आणि दुष्टांचा वध करण्याऐवजी त्यांच्यासाठी स्वतः मरण पत्करतो. येथे दुष्टता कोणा असुरापुरती उरत नाही. ज्यांचा उद्धार करायचा त्यांच्याच अंतरात ती वसते. पुराण ऐकण्यास सरावलेला श्रोता दैत्यसंहाराची वाट पाहत असता त्याच्यापुढे वधस्तंभ उभा राहतो. हा अपेक्षाभंग ख्रिस्तपुराणाचे सर्वांत मोठे काव्यगत सामर्थ्य होय. दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग उपवासकाळात घरोघरी व चर्चमध्ये गायिला जात असे. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही तो जतन केला. पापाची जाणीव तेथे आरोप म्हणून नव्हे, शोक म्हणून प्रकट होते, हे ह्या लोकप्रियतेचे प्रमुख कारण दिसते.

मराठी संतकाव्यातील ‘पतितपावन’ ही कल्पना ह्या श्रोत्याला जवळची होती. स्वतःला पतित म्हणवून देवाला साद घालण्याची रीत भक्तिपरंपरेत रुजलेली आहे. परंतु तेथे देवाचे पावनत्व हा त्याचा सहजस्वभाव असतो. त्यासाठी देवाला काही मोजावे लागत नाही. अँसेल्मच्या परंपरेतील उद्धाराला मोल आहे व ते ईश्वरच चुकवितो. ह्या दोन भूमिकांतील अंतर स्टीफन्स झाकत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु त्या अंतराचा ते शोधही घेत नाहीत, ही त्यांची मर्यादा.

तुलना : फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ (१५७९–१६४३) याचे पीटरपुराण १६२९ मध्ये छापले जाऊ लागले. त्यात हिंदू देवदेवतांचे खंडन मोठी जागा व्यापते. तेथे पाप म्हणजे मुख्यतः श्रोत्याचा पूर्वधर्म, असे समीकरण होते. स्टीफन्स यांच्या काव्यात खंडन नाही असे नव्हे. पण तुलनेने ते गौण आहे व कथेचा आरोपी एकटा मूर्तिपूजक नसून अखिल मानव आहे.

तीन शतकांनंतर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तायन आरंभिले. त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले हे काव्य लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) पूर्ण केले. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. त्यांच्या अभंगांत पापाची जाणीव ही न्यायालयातील आरोपीची नसून आईपासून दुरावलेल्या लेकराची आहे. स्टीफन्स यांनी श्रोत्याच्या शब्दांत आपला सिद्धांत भरला. टिळकांनी त्या शब्दांच्या मुळाशी असलेल्या अनुभवातूनच ख्रिस्त पाहिला. भव्य कथनात स्टीफन्स वरचढ आहेत, आत्मनिवेदनात टिळक.

मूल्यमापन : सर्व माणसे आदामात सारखीच पापी आणि ख्रिस्तात सारखीच उद्धारास पात्र, हा विचार तत्त्वतः समतेचा आहे. परंतु गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून राहिला आणि धर्मसंघही जातीनुसार विभागले गेले. ख्रिस्तपुराणातील प्रश्नकर्ता ब्राह्मण आहे, ही गोष्टही ग्रंथाचा पहिला श्रोतृवर्ग कोणता होता हे सुचविते. पापाचे विश्वव्यापी स्वरूप सांगणाऱ्या काव्याने श्रोत्याच्या उंबरठ्यावरील विषमतेला पाप म्हणून प्रकर्षाने पुढे आणले नाही. तसेच, देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या हिंसेलाही त्याने ह्या मापाने मोजले नाही. ही उणीव केवळ एका कवीची नव्हे. पापाला व्यक्तीचे अंतःकरण व मानवजातीचा आदिपुरुष ह्या दोन टोकांतच पाहणाऱ्या सिद्धांताची ती उणीव आहे. मधला समाज त्यात निसटतो. विसाव्या शतकात ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न झाले. भारतात अरविंद निर्मल (१९३६–९५) यांनी १९८१ च्या सुमारास मांडावयास घेतलेल्या दलित ईश्वरविद्येत जातिव्यवस्था हेच पाप आणि तिच्यातून मुक्ती हा उद्धाराचा अविभाज्य भाग मानला गेला.

तरीही ख्रिस्तपुराणाचे महत्त्व ह्या उणिवेने संपत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका परकीयाने आपल्या श्रद्धेतील सर्वांत अवघड गोष्ट दुसऱ्याच्या भाषेत, त्याच्याच छंदात आणि त्या भाषेविषयीच्या निखळ प्रेमाने सांगितली. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला, तरी ह्या ओव्या हस्तलिखितांतून व लोकांच्या मुखातून टिकून राहिल्या. ज्या समाजाच्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या, त्याच समाजाने ही पोथी आपली म्हणून सांभाळली. सिद्धांत म्हणून पाप-उद्धाराची कल्पना सर्व मराठी वाचकांना पटेल वा न पटेल. दुसऱ्यासाठी वेदना सोसणाऱ्या ईश्वराचे चित्र मात्र ह्या ग्रंथामुळे मराठी काव्याच्या अनुभवविश्वात कायमचे दाखल झाले आहे.

पहा : ऑगस्टीन, सेंट, कर्मवाद, टिळक, नारायण वामन, स्टीफन्स, फादर टॉमस.