‘स्मृतिचित्रे’: श्रद्धा आणि नित्याचा अनुभव

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठी रसिकांनी उदंड प्रेम केले, परंतु त्या प्रेमात एक तडजोड दडलेली आहे. लेखिकेचा विनोद, तिचे निर्व्याज कथन, नारायण वामन टिळकांसारख्या विक्षिप्त आणि विशाल मनाच्या कवीशी तिने केलेला संसार, हे सारे वाङ्मयाच्या खात्यावर जमा झाले. तिची ख्रिस्ती श्रद्धा मात्र खाजगी बाब म्हणून आदराने बाजूला ठेवली गेली. जणू ती वगळली तरी ग्रंथ होता तसाच उरेल! १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाची अशी वाटणी करता येत नाही. त्यातील श्रद्धेचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून त्यातील कलेचेही स्वरूप कळत नाही.

श्रद्धावंताच्या आत्मकथनापुढे एक धोका नेहमीच उभा असतो. जे घडले त्याचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. मग प्रत्येक प्रसंग त्या अर्थाचा दृष्टांत होतो आणि दृष्टांताचे काम संपले की प्रसंगात काही शिल्लक उरत नाही. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे प्रामाणिक आणि महत्त्वाचे आत्मचरित्र आहे. परंतु त्याचा ओघ शंका, वाचन, वाद आणि निश्चय असा आहे. आयुष्य तेथे एका सिद्धांताकडे वाटचाल करते. नव्या मताचा स्वीकार करताना समाजाला उत्तर देणे प्राप्त असलेल्या पिढीला हा मार्ग स्वाभाविकच होता. लक्ष्मीबाईंचा मार्ग मात्र निराळ्या ठिकाणाहून निघतो. तो ग्रंथांतून निघत नाही, पाण्याच्या हंड्यापासून निघतो.

त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की बाजारातून आणलेली मीठ-साखरही धुवून घेतली जाई. या घरात वाढलेल्या मुलीला धर्म म्हणजे काय हे स्पर्शातून शिकवले गेले होते: कोणाला शिवावे, कोणाच्या हातचे घ्यावे, काय विटाळते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कोसळले ते हेच स्पर्शाचे जग. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी पाणी आणि स्वयंपाक वेगळाच राहिला. पुढे एके दिवशी त्यांच्या मनाने विचार केला, की माणसे देवाने निर्माण केली, जाती मात्र माणसांच्या. आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. त्या वेळी त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो १९०० सालचा. ग्रंथातील खरे धर्मांतर हेच, आणि ते स्वयंपाकघरात घडते. येथे वादात कोणी हरत नाही, कोणाला दिव्य दर्शन होत नाही. आयुष्यभर आखडून घेतलेला एक हात पुढे होतो, इतकेच.

नित्याच्या कामात ईश्वराचा प्रत्यय घेणे मराठी मनाला अपरिचित नाही. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येतो आणि दळणाचे कष्ट वाटून घेतो. लक्ष्मीबाई याच परंपरेच्या वारसदार. परंतु त्यांनी त्यात एक मोलाचा फरक केला. त्यांच्या चुलीपाशी देव येऊन बसत नाही. येतो तो ज्याला आजवर उंबरठ्याबाहेर ठेवले होते तो माणूस: दुष्काळात पोरकी झालेली मुले येतात, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला ते येतात, आणि प्लेगच्या दिवसांत रोग्याच्या उशाशी बसण्याची वेळही येते. जनाबाईचा एकांत देवाच्या येण्याने भरतो. लक्ष्मीबाईंचे घर माणसांच्या येण्याने. ख्रिस्ती शिकवणुकीतील शेजारधर्म व्याख्यानातून मराठीत पुष्कळ आला होता. लक्ष्मीबाईंच्या लेखनात तो नित्याच्या भाषेत, भांड्याकुंड्यांच्या आवाजासह येतो.

तरीही या माणसांचे येणे गोड करून सांगितलेले नाही, यातच या लेखनाची प्रतिष्ठा आहे. टिळकांचे औदार्य घर रिकामे करी. त्यांच्या जागी भाविक चरित्रकार असता तर त्या रिकाम्या घराची आरती ओवाळता. लक्ष्मीबाई मात्र आपला संताप, रुसवा, भांडण आणि त्यातले हास्यास्पदही तितक्याच सरळपणे नोंदवतात. औदार्य थोर ठरते, आणि उद्या काय शिजवावे हा प्रश्नही खराच राहतो. श्रद्धेने अनुभवाचे वजन कमी केलेले नाही. त्यांचा विनोद श्रद्धेच्या आड येत नाही, याचे कारणही हेच: स्वतःला क्षमा झाली आहे असे मानणाऱ्या माणसाला स्वतःची फजिती झाकण्याची गरज उरत नाही.

या रीतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रार्थनेतील एकांत, शंकेची रात्र, ख्रिस्ताशी असलेले अंतरंगीचे नाते यांविषयी ग्रंथ मितभाषी आहे. टिळकांच्या ‘अभंगांजली’त जी आर्तता उघड बोलते, ती येथे शोधणारा वाचक काहीसा रिता परततो. टिळकांनी आरंभिलेले आणि १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. तेथे कथा पवित्र आणि आधीच ठरलेली होती. ‘स्मृतिचित्रे’त ठरलेले काहीच नव्हते. सांगताना त्यांनी ते ठरवूनही टाकले नाही.

म्हणून विनोदी संसारकथा ही ओळख या ग्रंथाला अपुरी पडते, आणि धर्मांतराची साक्ष ही ओळखही. श्रद्धेची परीक्षा कोणाच्या हातचे पाणी घेतले येथे होते, हे त्याने मराठी गद्याला दाखवून दिले. ज्या समाजात हा प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाही, तेथे हे पुस्तक केवळ रसाळ म्हणून वाचणे म्हणजे त्याने विचारलेला प्रश्न हसून टाळणे होय.